पंच की पिंप?

इंग्रजांचे ‘पंच’ हे पेय म्हणजे दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. जिन्नस पाच, म्हणून नाव पंच. म्हणजे शब्द आपल्याकडून गेलेला. पंचामृत घेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही व्युत्पत्ती पटायला पुरावा लागत नाही. म्हणूनच ती कागदांवर घासून पाहायला हवी.

पहिला कागद २८ सप्टेंबर १६३२ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला रॉबर्ट अ‍ॅडम्स पेट्टापोलीच्या टॉमस कॉलीला पत्र लिहितो आणि त्यात पंच पिण्याचा ओझरता उल्लेख करतो. या शब्दाचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. अ‍ॅडम्स शब्दाचा अर्थ सांगत नाही. तेव्हा कंपनीच्या माणसांत तो आधीच रुळला होता, एवढे निश्चित. पेट्टापोली म्हणजे आजच्या आंध्र किनाऱ्यावरचे निजामपट्टणम. तिथल्या तेलुगू बोलीत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. यावरून ‘पाच’ लगेच बाद होत नाही, कारण वखारीतली माणसे बदलून येत आणि सोबत शब्द आणत. पण खूणगाठ बांधून ठेवावी.

दुसरी साक्ष सुरतेची, १६३८ ची. जर्मन प्रवासी मान्डेल्स्लो इंग्रजांच्या वखारीत पाहुणा होता. शुक्रवारी प्रार्थनेनंतर अध्यक्ष आणि त्यांचे तीन नातलग व्यापारी मायदेशी राहिलेल्या बायकांच्या नावाने पेले उचलत. तिथल्या एका पेयाला तो ‘पालेपुंट्झ’ म्हणतो आणि जिन्नस देतो: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीच्या फळाचा रस, साखर. मोजले तर चारच भरतात. नावाचा पूर्वार्ध ‘बोल’, म्हणजे ज्या मोठ्या वाडग्यात हे पेय कालवत तो, असावा. हा अभ्यासकांचा तर्क आहे, पण पुढचा साक्षीदार त्याला बळ देतो.

१६५३ साली फ्रेंच प्रवासी ला बुले ल गूझ याचे प्रवासवर्णन छापले गेले. त्याच्याकडे ‘बोलपोंज’ आहे: साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट. इथे जिन्नस बरोबर पाच भरतात, पण पाण्याचा पत्ता नाही. आणि हा शब्द इंग्रजी आहे, असे तो स्पष्ट लिहितो. दुसरा फ्रेंच प्रवासी बर्निए याने बंगालच्या वर्णनात दिलेल्या ‘बुलपोंज’मध्ये काळ्या साखरेची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि थोडे जायफळ आहे. म्हणजे पुन्हा चार.

पाचांची गोष्ट सांगणारा साक्षीदार येतो तो यानंतर. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर. त्याचा प्रवास १६७२ ते १६८१ चा, पुस्तक १६९८ चे. गोव्याच्या वर्णनात तो ‘नेरूल’ इथल्या उत्तम दारूचे नाव घेतो. हे बार्देशातले नेरूल असावे. या दारूपासून किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पाँच’ करतात आणि हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, असे तो सांगतो. पुढचे शब्द मात्र सहसा कोणी वाचत नाही. वैद्य पाच औषधींच्या योगाला ‘डायापेंटे’ आणि चारांच्या योगाला ‘डायाटेस्सरॉन’ म्हणतात, अशी तुलना तो लगेच जोडतो. हा माणूस व्यवसायानेच जिन्नस मोजणारा होता. आपण त्रिफळा म्हणतो, तसे त्याला संख्येवरून नाव सुचणे स्वाभाविक होते. हे अर्थात माझे अनुमान.

आता उच्चार. जर्मन कानाने ‘पुंट्झ’ टिपले, फ्रेंच कानांनी ‘पोंज’. दोन्हींत उ-ओकडे झुकणारा स्वर आहे, ‘अ’ किंवा ‘आ’ नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज हा शब्द ‘पुंच’सारखा उच्चारत असावेत, हे इंग्रजी उच्चारांच्या इतिहासाशीही जुळते. ऑक्सफर्डच्या कोशकारांची शंका याच ठिकाणी आहे. त्यांच्यासमोर दुसरा उमेदवार होता: ‘पंचन’, म्हणजे सुमारे ८४ गॅलनांचे लाकडी पिंप. खलाशांनी त्याच नावाचे शेपूट तोडले असेल. स्वर जुळतो, मात्र पिंपाचे नाव पेयाला लागल्याचे दाखवणारा एकही कागद पुढे आलेला नाही. गंमत म्हणजे आपले ‘पिंप’सुद्धा पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेले.

हिशेब असा मांडता येतो. शब्द १६३२ मध्ये होता, हे पक्के. वाडगा त्याला लवकर चिकटला, हे बहुधा खरे. जिन्नस कधी चार, कधी पाच. पाचाचा अर्थ सांगणारे फ्रायरचे पुस्तक पहिल्या उल्लेखानंतर ६६ वर्षांनी छापले गेले. हिंदुस्थानचा किनारा न पाहिलेल्या एखाद्या जहाजाच्या जुन्या हिशेबात ‘पंच’ सापडला, तर पाचांचा दावा तिथेच संपेल. तोवर निकाल राखून ठेवणे भाग आहे. कॉलीला शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही, हीच आपली अडचण.