गुलाबांची माता : काशियाची संत रिटा

ज्युबिलीच्या शुभ प्रसंगीं देवालयाचा इतिहास सांगतांना पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, कोणकोणते धर्मगुरु आले आणि गेले, यांचीं नांवें लिहिलीं जातात. आणि तीं लिहिलींच पाहिजेत. तथापि ज्या मातांनीं मुलांना क्रुसाची पहिली खूण करावयास शिकविलें, भांडलेले भाऊ एका पंगतीस बसविले आणि परसांतील पहिलें फूल वेदीकरितां राखून ठेविलें, त्यांचीं नांवें कोणत्याही वहींत चढत नाहींत. अशा मातांचें स्मरण कोणत्या निमित्तानें करावें, असा विचार करीत असतां आमच्या मनापुढें इटलींतील एका डोंगरी खेड्यांतल्या स्त्रीचें चरित्र उभें राहिलें. कन्या, पत्नी, माता, विधवा आणि शेवटीं मठवासिनी अशा पांचही अवस्थांतून ती गेली, दीर्घकाळ जगली, आणि आज अवघें जग तिला गुलाबाच्या फुलावरून ओळखतें. ही स्त्री म्हणजे काशियाची संत रिटा.

इटलीच्या मध्यभागीं उंब्रिया नांवाचा प्रांत आहे. तेथें अपेनाइन पर्वताच्या कुशींत, कोर्नो नदीच्या खोऱ्यांत, काशिया हें लहानसें नगर वसलें असून त्याच्या जवळच, कांहीं मैलांवर, रोकापोरेना हें खेडें आहे. उंच कड्याच्या पायथ्याशीं दाटीवाटीनें उभीं असलेलीं दगडी घरें, एवढाच त्या खेड्याचा विस्तार. परंपरेनें १३८१ हें जें साल मानलें आहे, त्या सालीं अंतोनियो लोत्ती आणि अमाता फेर्री या वयस्कर दांपत्याच्या पोटीं येथें एक कन्या जन्मली. तिचें नांव मार्गेरिता ठेविलें. या शब्दाचा मूळ अर्थ मोतीं. आणि त्याचेंच लाडकें, आंखुड रूप म्हणजे रिटा.

त्या काळीं इटलींतील गांवोगांवीं घराण्याघराण्यांत पिढीजात वैरें चालत. एकाचा खून झाला कीं त्याच्या मुलांनीं सूड घ्यावयाचा, आणि त्या सुडाचा सूड पुनः दुसऱ्या घरानें घ्यावयाचा, असा हा रक्ताचा हिशेब कधीं मिटत नसे. अशा वैऱ्यांच्या मध्यें पडून समेट घडवून आणणारे लोक असत. त्यांना ख्रिस्ताचे शांतिदूत म्हणत. रिटाचे आईबाप हें काम करीत, असें तिचे चरित्रकार सांगतात. कन्येला माहेराहून मिळालेलें खरें स्त्रीधन तें हेंच.

रिटाला बालपणापासून मठाची ओढ होती. परंतु आईबापांनीं पाओलो मांचिनी नांवाच्या तरुणाशीं तिचा विवाह करून दिला. हा गृहस्थ तापट व भांडखोर होता, आणि पत्नीच्या सहवासानें हळूहळू निवळला, असें परंपरा सांगते. येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. रिटाच्या सहनशीलतेचें गुणगान करतांना, पुरुषानें स्त्रीला छळावें व तिनें मुकाट्यानें सोसावें, असा बोध कोणीं घेऊं नये. छळ हा छळच. रिटाच्या चरित्रांत थोर आहे तें तिचें सोसणें नव्हे; द्वेषाला तिनें आपल्या अंतःकरणांत घर करूं दिलें नाहीं, हें थोर आहे. या विवाहापासून तिला जान्जाकोमो आणि पाओलो मारिया असे दोन पुत्र झाले. त्यांना तिनें आपल्या अंगावर वाढविलें, प्रार्थना शिकविल्या, आणि गरिबाच्या ताटांत आपल्यांतला घांस घालावयास शिकविलें.

पुढें एके दिवशीं पाओलोला वैऱ्यांनीं ठार मारलें. रिटानें मारेकऱ्यांना क्षमा केली. पतीचें रक्तानें माखलेलें वस्त्र तिनें मुलांच्या दृष्टीस पडूं दिलें नाहीं, अशी कथा आहे. परंतु नातलगांनीं मुलांचे कान भरले. बापाचा सूड न घेणारा मुलगा तो कसला मुलगा, हा त्या काळचा न्याय होता. आणि वाढत्या वयाच्या पोरांना तो पटला. आईचे शब्द वाया जाऊं लागले. तेव्हां तिनें देवाची अशी विनवणी केली कीं, यांचे हात रक्तानें भरण्यापूर्वी, तुझी तशीच इच्छा असेल तर, तूंच त्यांना आपल्याकडे ने. वर्षभरांत दोन्ही मुलगे आजारानें दगावले. मरतांना त्यांच्या मनांत सूड उरला नव्हता, असें चरित्रकार लिहितात.

ही विनवणी वाचतांना कोणत्याही आईच्या काळजांत चर्र झाल्यावांचून राहणार नाहीं. आईनें लेंकरांचें मरण मागावें, हें कसें, असा प्रश्न अनेकांनीं केला आहे, आणि तो योग्य आहे. आमच्या समजुतीप्रमाणें रिटानें मरण मागितलें नाहीं. मुलांचा जीव आणि मुलांचा आत्मा हे दोन्ही तिला हवे होते. परंतु दोहोंपैकीं एकच राखतां येणार असेल, तर कोणता, एवढेंच तिनें देवाच्या हातीं सोंपविलें. शिवाय एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याला मारावयास तिचे मुलगे निघाले होते, तोही कोणा आईचा मुलगा होता. आपल्या घरावर कोसळलेला आकांत दुसऱ्या आईच्या घरीं जाऊं नये, म्हणून रिटानें आपला पदर पसरला. मातृत्व आपल्या उंबरठ्याशीं संपत नाहीं, हें जें तिच्या चरित्राचें सार, तें याच ठिकाणीं सांपडतें.

पति गेला, पुत्र गेले. घर रिकामें झालें. रिटानें काशिया येथील अगस्तिनियन भगिनींच्या मठाचें दार ठोठावलें. परंतु तिला तेथें घेईनात. वैराच्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या घरची विधवा मठांत आली, तर तें वैरही तिच्यामागून आंत येईल, अशी भीति भगिनींना वाटली असल्यास नवल नाहीं. रिटानें मग आईबापांचें जुनें काम हातीं घेतलें. ती दोन्ही घराण्यांत जाऊन बसली आणि समेट घडवूनच उठली. त्यानंतर, सुमारें १४०७ सालीं, तिला मठांत प्रवेश मिळाला. एके रात्रीं तीन संतांनीं तिला बंद दारांतून आंत नेऊन सोडलें, अशी आख्यायिका आहे. आम्हांस वाटतें, तें दार समेटाच्या किल्लीनेंच उघडलें.

मठांतील तिच्या जीवनाविषयीं दोन गोष्टी विशेष प्रसिद्ध आहेत. वरिष्ठ भगिनीनें आज्ञापालनाची परीक्षा म्हणून तिला वाळलेल्या काटकीला रोज पाणी घालावयास सांगितलें. रिटानें कुरकुर न करतां घातलें, आणि त्या काटकीला पालवी फुटली. मठाच्या अंगणांत आजही एक जुनी द्राक्षवेल यात्रेकरूंना दाखविली जाते. दुसरी गोष्ट कपाळावरील जखमेची. प्रभूच्या दुःखसहनाचें ध्यान करीत असतां, त्याच्या कांट्यांच्या मुकुटांतील एका कांट्याची जखम तिच्या कपाळीं उमटली, आणि ती मरेपर्यंत, पंधरा वर्षें, भरली नाहीं.

आतां गुलाबाची कथा. आयुष्याच्या अखेरच्या हिवाळ्यांत रिटा अंथरुणास खिळली होती. रोकापोरेनाहून एक नातेवाईक स्त्री भेटीस आली, निघतांना तिनें विचारलें, "तुला घरून कांहीं आणूं का?" रिटा म्हणाली, "माझ्या परसांतला एक गुलाब आण." जानेवारी महिना होता. आमच्या वाचकांस येथें आश्चर्य वाटणार नाहीं. कारण आपल्याकडे थंडींतच गुलाब भरास येतो. परंतु अपेनाइनच्या डोंगरांत त्या दिवसांत बर्फ पडतें, झाडें काटक्या होऊन उभीं असतात, आणि गुलाब उमलतो तो मे महिन्यांत. त्या स्त्रीला वाटलें, आजारांत बिचारी भ्रमली. तरीही ती परसांत डोकावली, तों बर्फांत एक गुलाब फुललेला! रिटानें मग दोन अंजिरें मागितलीं, तींही मिळालीं. गुलाब हा तिचा पति आणि दोन अंजिरें हे तिचे दोन पुत्र देवाजवळ सुखरूप असल्याची खूण, असा या कथेचा अर्थ लावतात.

मठांत दीर्घकाळ राहिलेल्या त्या वृद्धेनें फूल मागितलें तें मठाच्या बागेंतलें नव्हे. आपल्या गांवांतल्या घरच्या परसांतलें तिनें मागितलें. व्रतानें तिचें मातृत्व पुसलें गेलें नव्हतें. ही कथा कोणीं चमत्कार म्हणून ऐकावी, कोणीं आख्यायिका म्हणून. परंतु ती सांगणाऱ्या लोकांनीं रिटाला आई म्हणूनच जपलें, एवढें यावरून निःसंशय दिसतें.

२२ मे १४५७ हा तिचा मृत्युदिन मानला जातो. त्याच वर्षीं काशियाच्या नगरानें तिच्या कृपेच्या घटनांची लेखी नोंद करविण्यास प्रारंभ केला, आणि तिच्यासाठीं चित्रें रंगविलेली जी शवपेटी तयार झाली, ती आजही जतन केलेली आहे. तिचें विस्तृत चरित्र मात्र १६१० सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनंतर, छापून निघालें. तोंपर्यंत आयाबायांच्या तोंडींच तें जिवंत राहिलें होतें. पोप आठवे उर्बन यांनीं १६२७ सालीं तिच्या भक्तीस मान्यता दिली. हे पूर्वीं स्पोलेतोचे बिशप असल्यामुळें त्यांना हा मुलूख ठाऊक होता. पुढें २४ मे १९०० रोजीं पोप तेरावे लिओ यांनीं तिला संतपद दिलें. म्हणजे रोममध्यें निर्णय होण्यापूर्वीं साडेचारशें वर्षें साध्या लोकांनीं तिचें नांव राखून ठेविलें होतें.

त्या मठांत पुढें दुसरी एक आई झाली. मारिया तेरेसा फाशे ही १९२० पासून तेथील मठाध्यक्षा होती. तिनें १९२३ सालीं "मधमाशांकडून गुलाबांकडे" अशा अर्थाच्या नांवाचें नियतकालिक सुरू केलें. रिटाच्या पाळण्याभोंवतीं मधमाशा घोंघावल्याची कथा आहे, म्हणून हें नांव. १९३८ सालीं तिनें अनाथ मुलींना मठाच्या आश्रयास घेतलें, आणि त्या घराला "मधाचें पोळें" म्हणूं लागले. तिच्याच प्रयत्नानें १९३७ सालीं नव्या महामंदिराचें काम सुरू झालें. १८ जानेवारी १९४७ रोजीं ती वारली. आणि चारच महिन्यांनीं, मे महिन्यांत, महामंदिराचें पवित्रीकरण झालें. लावलेल्या कलमाचें फूल तिनें पाहिलें नाहीं. १९९७ सालीं तिला धन्य घोषित करण्यांत आलें. २००० सालीं, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, रिटाचा देह रोमला नेण्यांत आला, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संत पेत्राच्या चौकांत यात्रेकरूंसमोर तिचें गुणवर्णन केलें. दर वर्षीं २२ मे रोजीं काशियांत आणि जगांतील अनेक देवालयांत भाविक गुलाब घेऊन येतात, त्यांवर आशीर्वाद मागतात, आणि तीं फुलें आजाऱ्यांच्या उशाशीं नेऊन ठेवितात.

आपण जिला रोझरी म्हणतों, त्या जपमाळेच्या लॅटिन नांवाचा मूळ अर्थ गुलाबांची बाग असा आहे. संध्याकाळीं दिवा लागल्यावर मुलांनातवंडांना भोंवतीं घेऊन जी माता जपमाळ म्हणते, ती तीच बाग शिंपीत असते. आमच्या धर्मग्रामांत अशा कितीतरी माता होऊन गेल्या. त्यांनीं बांधावरून तुटलेली भावकी सांधली, दुसऱ्याच्या पोराला आपलें म्हटलें, आणि वाळलेल्या काटकीस पाणी घालण्याचें सोडलें नाहीं. या ज्युबिलीच्या दिवशीं त्यांच्या थडग्यांवर एकेक गुलाब ठेवावा, आणि ज्या घराशीं आपलें बोलणें तुटलें असेल, त्या घरीं दुसरा घेऊन जावें, एवढीच वाचकांस आमची नम्र विनंती आहे.