पोकेमॉन गो : नव्या जीवांचे आगमन आणि स्पर्धात्मक व्यूहनीतीची स्थित्यंतरे

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर मोहऱ्यांची संख्या ठरलेली असते व त्यांच्या चालीही ठरलेल्या असतात. त्यामुळे त्या खेळातील व्यूहशास्त्राचा विकास खेळाडूंच्या अभ्यासातून होतो. एकविसाव्या शतकातील मोबाईल खेळांची स्थिती याहून वेगळी आहे. येथे मोहरेच दर काही महिन्यांनी बदलतात व वाढतात. 'पोकेमॉन गो' हा अशा खेळांचा ठळक नमुना होय. निअँटिक या अमेरिकन कंपनीने विकसित केलेला हा खेळ जुलै २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका येथे प्रथम उपलब्ध झाला. नव्या जीवांच्या आगमनाने या खेळातील स्पर्धात्मक व्यूहनीती कशी घडत गेली आणि त्यातून समान संधीचा कोणता प्रश्न उभा राहिला, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिमचा कालखंड (२०१६ ते २०१८)

आरंभी खेळाडूंमध्ये परस्परांशी थेट लढत नव्हती. निळा, लाल व पिवळा असे तीन संघ होते आणि नकाशावरील 'जिम' नावाची ठाणी ताब्यात ठेवणे हेच स्पर्धेचे स्वरूप होते. उपलब्ध असलेले जीव पहिल्या पिढीतील १५१ पोकेमॉनांपैकीच असल्याने निवडीस फारसा वाव नव्हता. ड्रॅगनाइट, स्नॉरलॅक्स व व्हेपोरिऑन यांसारखे अधिक लढाऊ सामर्थ्याचे, म्हणजे 'सी.पी.' चे, मोजके जीव सर्वत्र दिसत.

भारतात हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे सुरू झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या पिढीतील ऐंशीहून अधिक पोकेमॉन दाखल झाले. म्हणजे भारतीय खेळाडूंना जुनी व्यवस्था समजून घेण्यास जेमतेम दोन महिने मिळाले आणि लगेच ती मोडली. या नव्या जीवांपैकी ब्लिसी हिचे आक्रमण दुबळे होते. परंतु तिची प्राणशक्ती इतकी अफाट होती की ठरलेल्या वेळेत तिला हरविणे कठीण जाई. ठाणे राखण्यासाठी मारा करण्यापेक्षा तग धरणे महत्त्वाचे, हा धडा खेळाडूंना तिने दिला.

जून २०१७ मध्ये जिमची नियमावली बदलली. एका ठाण्यात सहाच जीव, एका जातीचा एकच जीव आणि काळानुसार घटणारा उत्साह, असे नवे नियम आले. एकाच प्रबळ जातीने ठाणे भरून टाकण्याची पद्धत त्यामुळे संपुष्टात आली.

सामर्थ्याची मर्यादा आणि मूल्यांची उलथापालथ

डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंची परस्परांशी लढत सुरू झाली, ही या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल. प्रत्येकी तीन पोकेमॉन व दोन ढाली, अशी या लढतीची रचना होती. ग्रेट लीगमध्ये १५०० सी.पी. ची, अल्ट्रा लीगमध्ये २५०० ची मर्यादा घालण्यात आली. मास्टर लीग अमर्याद राहिली.

या मर्यादेचा परिणाम समजण्यासाठी सी.पी. चे गणित ध्यानी घ्यावे लागते. त्यात आक्रमणाचा अंक जसाच्या तसा गुणला जातो, तर संरक्षण व प्राणशक्ती यांचे केवळ वर्गमूळ धरले जाते. आक्रमण दुप्पट झाल्यास सी.पी. दुप्पट होतो, संरक्षण दुप्पट झाल्यास तो सुमारे १.४ पटच वाढतो. साहजिकच मर्यादेच्या आत राहून अधिक टिकणारा जीव हवा असेल, तर कमी आक्रमणाचा व अधिक संरक्षणाचा जीव निवडणे हिताचे ठरते.

परिणामी जिमच्या काळात कोणी ढुंकूनही न पाहिलेले जीव एकाएकी मौल्यवान ठरले. अझुमॅरिल हा २०१७ पासून खेळात होता. पण त्याला प्रतिष्ठा मिळाली ती ग्रेट लीगमुळे. नव्या जीवाइतकाच नवा नियमही जुन्या जीवाला 'नवा' करू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

नवे रूप, नवा हल्ला, नवी पातळी

२०२० च्या आरंभी गो बॅटल लीग सुरू झाली आणि घरबसल्या अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी लढणे शक्य झाले. त्याच वर्षी स्टंफिस्कचे गॅलार रूप अवतरले. भूमी व पोलाद या दोन गुणप्रकारांचा हा जीव तोपर्यंत प्रबळ असलेल्या अल्टेरियाचे हल्ले सहज सोसत असे आणि खडकाच्या हल्ल्याने त्याला नामोहरम करी. रेजिस्टीलसारख्या पोलादी जीवांनाही त्याचे भूमीचे हल्ले जड जात. तथापि जल व युद्ध या गुणप्रकारांपुढे तो स्वतः दुबळा होता. त्यामुळे त्याचा प्रसार झाला, तसतशी अझुमॅरिल व मेडिचॅम यांची उपयुक्तताही वाढली. नवा जीव प्रतिस्पर्ध्यांना मागे सारतो, त्याचबरोबर स्वतःच्या शत्रूंना पुढे आणतो, ही साखळी येथे दिसते.

२०२० च्या अखेरीस पोकेमॉनांची कमाल पातळी वाढवून ५० करण्यात आली. ४० व्या पातळीवर १५०० ची मर्यादा गाठू न शकणाऱ्या मेडिचॅमला याचा थेट लाभ झाला. जानेवारी २०२२ मध्ये आधीपासूनच खेळात असलेल्या वॉलरीनला बर्फाचे दोन नवे हल्ले मिळाले आणि तो अल्पावधीत अग्रस्थानी गेला. येथे जीव जुनाच होता, केवळ शस्त्र नवे होते.

समान संधीचा प्रश्न

या बदलांची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही. ४० वरून ५० व्या पातळीवर जाण्यासाठी त्या काळी एका जीवामागे २९६ एक्सएल कँडी लागत. त्या मिळविण्यास दीर्घ वेळ, भरपूर पायपीट किंवा पैसा आवश्यक होता. विशेष हल्ले बहुधा काही तासांच्या कम्युनिटी डेलाच मिळत. ज्याला त्या वेळी काम असे, त्याची संधी हुके. शिवाय खेळाचे थांबे शहरांत दाट व खेड्यांत विरळ असल्याने ग्रामीण खेळाडू आरंभीच मागे पडे. म्हणजेच प्रत्येक नवे आगमन कौशल्याची परीक्षा घेते, तशीच साधनांचीही घेते.

याला काही अंशी उतारा ठरली ती ग्रेट लीगची मर्यादा. अनेक सामान्य, सहज सापडणारे जीव तिच्यामुळे स्पर्धेत टिकून राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये लंडन येथील पोकेमॉन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश झाला, तोही ग्रेट लीगच्याच स्वरूपात. तेथे प्रत्येक खेळाडू सहा जीवांचा संघ जाहीर करतो व त्यांतील तीन निवडून लढतो. त्यामुळे केवळ नवा जीव बाळगून भागत नाही. प्रतिस्पर्धी कोणते तीन आणील, याचा अचूक अंदाज बांधावा लागतो. २०२५ मध्ये अनाहाइम येथे 'बील्झबॉय' या नावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूने हे अजिंक्यपद पटकावले. पाच महिने उशिरा खेळात प्रवेश मिळालेल्या देशाच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नव्या जीवाचे सामर्थ्य स्वयंभू नसते. प्रचलित नियम, उपलब्ध हल्ले आणि आधीपासून प्रबळ असलेले प्रतिस्पर्धी या तिहींच्या संदर्भात ते ठरते. ब्लिसीच्या उदयानंतर नियम बदलले, नियमांनी अझुमॅरिलला वर आणले आणि स्टंफिस्कने आपल्याच वैऱ्यांना बळ दिले. म्हणून अशा खेळांचा इतिहास केवळ नव्या जीवांची यादी देऊन पूर्ण होत नाही. ते कोणाच्या हाती, केव्हा व कोणत्या किमतीला पडले, याचीही नोंद त्यात असावी लागते.