ऑनलाइन मिळालेला शजरा खरा की खोटा? पडताळणी अशी करा

घराघरात हल्ली एक प्रकार दिसतो. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सुंदर नक्षीकाम केलेला शजरा टाकतो. खाली आपल्या आजोबांचं नाव असतं, वर जात जात थेट बगदाद नाहीतर बुखाऱ्यापर्यंत नावं असतात. सगळे ‘माशाअल्लाह’ लिहितात, दोघं-तिघं प्रिंट काढून दिवाणखान्यात लावतात. हा शजरा कुणी बनवला, कशावरून बनवला, हे मात्र कुणीच विचारत नाही.

भिंतीवर लावण्यापुरतं असेल तर एक वेळ चालून जाईल. पण महाराष्ट्रात वंशावळ हा सरकारी कागदही आहे. जात पडताळणी समितीपुढे वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा जमातींच्या मुलामुलींचे प्रवेश आणि नोकऱ्या त्यावर अवलंबून असतात. इंटरनेटवरून उचललेला चुकीचा पणजोबा त्यात गेला, तर दक्षता पथकाच्या चौकशीत तो सापडतो आणि खरा असलेला दावाही संशयात येतो. म्हणून शजरा वापरण्याआधी तो तपासून घेणं गरजेचं आहे.

आधी पाहा : शजरा कोणता आहे?

शजरे दोन प्रकारचे असतात. शजरा-ए-नसब म्हणजे रक्ताची वंशावळ, बापाकडून मुलाकडे येणारी. शजरा-ए-तरीकत म्हणजे पीर-मुरीदांची साखळी. त्यात एकाखाली एक येणारी नावं गुरू-शिष्यांची असतात, बाप-लेकांची असतीलच असं नाही. आपल्याकडे अनेक घराणी दर्ग्यांशी जोडलेली आहेत. पेटीत तरीकतचा शजरा सापडतो आणि पुढची पिढी तो नसब समजून संगणकावर चढवते. नावांमध्ये ‘बिन’ किंवा ‘इब्न’ (म्हणजे ‘चा मुलगा’) आहे, की ‘मुरीद’, ‘खलीफा’ असे शब्द आहेत, ते आधी बघा.

दहा ठिकाणी दिसलं म्हणजे दहा पुरावे नव्हेत

फॅमिलीसर्च, जेनी, विकिट्री या संकेतस्थळांवरच्या सामाईक वंशवृक्षांत सामान्य वापरकर्तेच माहिती भरतात आणि बदलतात. संगणक नाव जुळलं की ‘हे तुमचे पूर्वज असू शकतात’ असं सुचवतो, आपण होकाराचं बटण दाबतो आणि चूक पुढे सरकते. एकाने चुकीचं लिहिलं आणि नऊ जणांनी उतरवलं, तर दिसायला दहा वंशवृक्ष दिसतात. पुरावा एकच असतो, तोही चुकीचा. प्रत्येक नावाखाली कागदाचा आधार दिला आहे का, ते उघडून बघा. आधाराच्या जागी दुसऱ्या वंशवृक्षाचंच नाव असेल, तर तो आधार धरू नका. नाव चढवणाऱ्याला निरोप पाठवून विचारायलाही हरकत नाही : ‘हे तुम्हाला कुठून मिळालं?’

पिढ्या मोजा

ही सगळ्यात सोपी कसोटी आहे. इब्न खल्दून यांनी मुकद्दिमात शंभर वर्षांना तीन पिढ्या असा हिशोब दिला आहे. हुजूर (स.) यांच्या काळापासून आजवर सुमारे चौदाशे वर्षं झाली, म्हणजे चाळीस-बेचाळीस पिढ्या व्हायला हव्यात. पाच-सहा इकडेतिकडे चालतील. पण एखाद्या सय्यद शजऱ्यात पंचवीसच नावं असतील, तर प्रत्येक बाप सरासरी छप्पन्नाव्या वर्षी बाप झाला असं मानावं लागेल. याचा अर्थ मधली नावं गळाली आहेत किंवा दोन वेगळे तुकडे जोडले आहेत. घराणं खोटं आहे, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नका. कागद अपुरा आहे, एवढंच यातून ठरतं.

हाच हिशोब खालच्या पिढ्यांनाही लावा. बाप-लेकात दहा वर्षांचं अंतर, आईच्या साठाव्या वर्षी मूल, बाप वारल्यावर तीन वर्षांनी मुलाचा जन्म, अशा गोष्टी ऑनलाइन वंशवृक्षात सर्रास सापडतात.

सन बघा, नुसता आकडा नको

जुन्या कागदावर ‘सन १२६२’ लिहिलेलं असतं. तो कोणता सन? हिजरी असेल तर इसवी सन १८४६. फसली असेल तर १८५२-५३. मराठी दफ्तरातला शुहूर सन असेल तर १८६१-६२. एकाच आकड्यात पंधरा वर्षांचा फरक पडला. दख्खनच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे त्याला ठरावीक बेरीज चालत नाही, तक्ताच बघावा लागतो. शुहूर सन मोडी कागदात बहुधा अरबी शब्दांत असतो : ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५, अर्थात इसवी सन १७७४-७५.

एकाच नावाचे दोन आजोबा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘शेख इमाम शेख हुसेन’ या नावाची माणसं एका तालुक्यात चार निघतील. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. आडनावंही स्थिर नव्हती. गावच्या मशिदीची आणि मुलाणकीची सेवा करणारं घर जुन्या कागदात ‘मुलाणा’, शाळेच्या दाखल्यावर ‘मुल्ला’ आणि मुंबईला गेलेल्या भावाच्या कागदावर ‘शेख’ झालेलं असतं. कोकणात आडनावापुढे गावाचं नाव लागतं आणि घर हललं की तेही बदलतं. कोकणातून दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज इंटरनेटवर आपलं गाव शोधतात, त्यांनाही हीच अडचण येते.

म्हणून निव्वळ नाव जुळलं की माणूस जुळला असं धरू नका. गाव, बापाचं नाव, धंदा, जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, भावांची नावं, यांतल्या किमान तीन गोष्टी जुळू द्या.

कोणता कागद कुठे मिळतो?

- शाळेचा दाखला आणि प्रवेश नोंदवही : शाळेत अर्ज करून जुन्या नोंदीचा उतारा मागा. जातीचा रकाना बघा. बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं.
- गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक : जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे असतात.
- वारसाचे फेरफार : आपल्यासाठी हा फार मोलाचा कागद आहे. मुस्लिम कायद्याने बेवा आणि मुलींनाही हिस्सा असल्याने, शजऱ्यात न दिसणारी बायकांची नावं इथे सापडू शकतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर बघता येतात.
- निकाहनामा आणि काझींची नोंदवही : वधू-वरांच्या वडिलांची नावं, साक्षीदार आणि गाव कळतं. साक्षीदार बरेचदा नात्यातलेच असतात.
- इनाम आणि वतनाचे कागद : काझी, मुलाणी, मुजावर घराण्यांसाठी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात इनाम चौकशीचे कागद आहेत. त्यात वारसा सिद्ध करताना लिहून दिलेल्या वंशावळी मिळतात. मात्र त्या हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या होत्या, हे ध्यानात ठेवा.

कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे नावात चूक व्हायला वेळ लागत नाही. मराठवाड्यातले निजामकालीन कागद उर्दूत आणि काही फारसीत आहेत. त्यासाठी मदरशातले किंवा कॉलेजातले उर्दूचे शिक्षक मदत करू शकतात.

पडताळणी समितीसाठी लक्षात ठेवा

इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. वंशावळीत वडिलांकडचं रक्ताचं नातं दाखवायचं असतं. चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र जोडणार असाल, तर तुमचे आजोबा आणि त्यांचे वडील एकच, हे कागदावर दिसलं पाहिजे. दत्तक, सावत्र, मानलेली नाती वेगळी लिहा. कुराणातही मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याची ताकीद आहे (सूरह अहजाब). खोट्या माहितीवर मिळालेलं प्रमाणपत्र रद्द होतं, मिळालेले लाभ जातात आणि शिक्षेचीही तरतूद आहे.

शेवटी, लिहायचं कसं?

सुरुवात स्वतःपासून करा आणि एकेक पिढी वर जा. वरून खाली येऊ नका. प्रत्येक नावापुढे खूण करा : कागद आहे तो ‘पक्का’, दोन गोष्टी जुळतात तो ‘संभाव्य’, दादी-नानीने सांगितलं ते ‘ऐकीव’. ऐकीव म्हणजे टाकाऊ नव्हे. बुजुर्गांनी सांगितलेलं फुफीचं सासर किंवा सोडून आलेलं गाव, यावरूनच पुढे कागद सापडतो. आज घरात जे ऐंशी वर्षांचे आहेत, त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं नाव उघड्या वंशवृक्षावर टाकू नका, फसवणुकीसाठी त्याचा वापर होऊ शकतो. पैसे घेऊन ‘सय्यदचा शजरा बनवून देतो’ म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

कागदावर पाचच पिढ्या पक्क्या निघाल्या, तरी वाईट वाटून घेऊ नका. त्या पाच तुमच्या स्वतःच्या आहेत, आणि सहावी शोधायला तुमच्या मुलांकडे नेमका धागा असेल.