तुकोबांच्या पुलावरून

ख्रिस्ती धर्मसंस्थेतील सुधारणेचा विषय निघाला म्हणजे मन सहजच युरोपकडे वळते. प्रागच्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात यान हुस याने लोकांच्या चेक भाषेत उपदेश केला, धर्माधिकाऱ्यांच्या धनलोभावर कोरडे ओढले, आणि १४१५ साली कॉन्स्टन्स येथे त्यास जिवंत जाळण्यात आले. ल्यूथरच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. परंतु धर्माने लोकांच्या वाणीत बोलले पाहिजे, हा आग्रह मराठी ख्रिस्ती समाजास प्रागहून नव्हे, देहूहून मिळाला.

सतराव्या शतकात तुकोबांनी संस्कृतज्ञ पंडितांच्या मक्तेदारीस न जुमानता मराठीत अभंग रचिले. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, असे परंपरा सांगते. त्या तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत असत.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे कार्य करू लागले. तेथे एक शल्य त्यांना सतत बोचत राहिले. उपासनेतील चाली परदेशी, उपदेशक मिशनचा वेतनदार, आणि ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्याच देशात परका! टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. १९१७ साली तर त्यांनी मिशनचे वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सारे ख्रिस्तभक्त तेथे बंधू मानले जात. उतारवयात निश्चित मिळकत सोडून हा मार्ग धरणे सोपे नव्हते. तरीही मिशनशी त्यांनी वैर धरले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. दरबाराला मूळ धरण्यास अवधीच मिळाला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांची गीते मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात.

कॅथॉलिक मंदिरांतील लॅटिन मिस्सा लोकभाषेत येण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे १९६२ ते १९६५ ह्या काळाची, वाट पाहावी लागली. हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली खेद प्रकट केला. धर्मसंस्था सुधारकाचे म्हणणे पुष्कळदा ऐकते. परंतु ते ऐकण्यास तिला कित्येक पिढ्या लागतात. तोवर ते म्हणणे जिवंत ठेवण्याचे काम सामान्य भक्तांच्या कंठातील गीतेच करीत असतात.