विलायतेतील तहानलेल्या बागा

विलायत म्हणजे पावसाचे माहेरघर, ही आपली समजूत सन १९७६ च्या उन्हाळ्याने खोटी पाडली. आदल्या वर्षापासूनच पावसाने ओढ दिली होती. जूनअखेरीस सलग १५ दिवस इंग्लंडात कोठे ना कोठे पारा ३२ अंशांवर चढला. हिरवळी करपल्या. नळीने बागा शिंपण्यास ठिकठिकाणी मनाई होतीच. ऑगस्टात अवर्षणाचा कायदा होऊन निर्बंध अधिकच आवळले. दक्षिण वेल्समध्ये तर काही भागांत नळ दिवसाचे कित्येक तास बंद! गुलाबांचे अभिमानी धनी मग न्हाणीतील पाणी बादल्यांनी वाहू लागले. आपल्या परसातील केळ अशाच सांडपाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसली, हे त्यांस कोण सांगणार? ऑगस्टअखेर डेनिस हॉवेल यांजकडे अवर्षणाचे काम सोपविले गेले, आणि थोड्याच दिवसांत पाऊस कोसळला.