इंधनाचा भाव आणि येळ्ळूरची वाट

माणसाने कोणत्या वाहनाने जावे हे त्याच्या आवडीवर ठरते, असा आपला समज असतो. येळ्ळूरचा गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव निराळे सांगतो. राजहंसगडाच्या परिसरातील हे गाव बेळगावपासून दोन-तीन कोसांवर आहे. भात, भाजी, दूध यांच्या निमित्ताने वडगाव-शहापूरशी त्याचा नित्याचा संबंध. जावे की न जावे, हा प्रश्न गावापुढे कधी नव्हताच; कशाने जावे, एवढाच होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशात अनेक मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली गेली. १९४८ मध्ये मुंबई राज्याची एस.टी. धावू लागली. बेळगाव जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने भाषेबरोबर वाहतुकीचीही हद्द आखली.

१९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत बैलगाडी हा निषेध होता. आपल्या खेड्यांत ती रोजची सोय होती. ज्यांच्याकडे मोटारच नव्हती, त्यांना ही झळ बाजारभावांतून पोहोचली.

पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची मोटारसायकल आली. थोड्या पेट्रोलात लांब पल्ला, हेच तिचे आकर्षण. वेळेवर न येणाऱ्या बसची वाट पाहणाऱ्यांना तिने मोकळे केले. पण त्याबरोबर घरखर्चात पेट्रोलाची कायमची नोंदही झाली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क घटविले. कर्नाटकानेही आपला कर उतरविला. महाराष्ट्राने तो जुलै २०२२ मध्ये कमी केला. मधल्या काळात पेट्रोल बेंगळूरात शंभर रुपयांच्या आसपास, तर मुंबईत एकशे दहाच्या घरात होते. साहजिकच कोल्हापूरकडील वाहने टाकी भरण्यासाठी निपाणीच्या बाजूला वळू लागली.

२०२३ मध्ये निवडीचे पारडे पुन्हा फिरले. मार्चमध्ये महाराष्ट्राने स्त्रियांना एस.टी.त निम्मे तिकीट केले. ११ जूनला कर्नाटकाची 'शक्ती' योजना सुरू होऊन राज्यातील साध्या बसमध्ये स्त्रियांचा प्रवास विनामूल्य झाला. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांत बसभाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. अशा रीतीने एकाच घरातील सासू-सुना बसने बाजाराला जातात आणि उद्यमबागेत रात्रपाळी करणारा मुलगा दुचाकीवर पेट्रोल जाळतो. कोल्हापूरला माहेरी निघालेल्या लेकीच्या वाटेत मात्र दोन राज्यांच्या दोन सवलतींमधील सीमा आडवी येतेच.

भाव वाढला की लोक वाहन कमी वापरतील, हा हिशोब कागदावर सुटतो. परंतु ज्याच्या पाळीच्या वेळी बस नाही, तो वाहन सोडत नाही; घरातील दुसरा खर्च सोडतो. म्हणून इंधनाच्या दराइतकीच शेवटच्या बसची वेळही शासनाच्या विचारात असली पाहिजे.