किंग्स्टनचा फॉलोऑन

रविवारची सकाळ. तुमच्यापैकी निम्मे जण आत्ता गाडीत किंवा एमआरटीत असणार आणि शेजारी मुलांची क्रिकेटची बॅग असणार. म्हणून आजची इतिहासातली गोष्ट क्रिकेटची.

आधी घरचं सांगतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला मध्यंतरी सरावात चेंडू कोपरावर लागला. फार काही नाही, बर्फ लावला, दोन दिवसांत सूज उतरली. पण पुढच्या सामन्याच्या आदल्या रात्री तो म्हणाला, "बाबा, मला सातव्या नंबरला पाठवा, असं तू कोचना सांगशील?" मी लगेच सुरू झालो. घाबरायचं नाही, स्वतःवर विश्वास ठेवायचा, वगैरे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एमबीएला असताना माणसांना प्रोत्साहन कसं द्यावं यावर मी अख्खा पेपर लिहिलाय! त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?"

मला उत्तर देता येईना. मग मी त्याला जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो.

१९६२ साली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला आणि पाचच्या पाच कसोटी हरून आला. पण हरण्यापेक्षा मोठी जखम वेगळीच होती. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटीला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही त्यांच्यासाठी रक्त दिलं. काँट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्या काळी हेल्मेट नव्हतं, हे मुलांना आवर्जून सांगा. त्यांना खरंच वाटत नाही.

त्या दौऱ्यावर मडगावचा एक तरुण होता, दिलीप सरदेसाई. मुंबईला विल्सन कॉलेजात शिकायला आलेला. वय २१. कर्णधार इस्पितळात असताना पुढच्याच कसोटीत सलामीला उतरायची वेळ त्याच्यावर आली. त्याने ३१ आणि ६० धावा केल्या.

आता नऊ वर्षं पुढे या. जानेवारी १९७१. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचं कर्णधारपद गेलं आणि अजित वाडेकरांना मिळालं. स्टेट बँकेत नोकरी करणारा, कमी बोलणारा माणूस. तोवर भारत वेस्ट इंडीजशी २३ कसोटी खेळला होता आणि जिंकली होती एकही नाही. सरदेसाई तेव्हा संघाबाहेर गेल्यात जमा होते. वाडेकरांनी हट्ट धरला, मला ते हवेत. आपण म्हणतो ना, अमक्याला स्वतःवर विश्वास हवा? इथे तो आधी दुसऱ्याने ठेवला होता.

पहिली कसोटी जमैकात, किंग्स्टनला. तारीख १८ फेब्रुवारी. पहिला दिवस पावसात वाहून गेला. हा पाऊस लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी भारताची फलंदाजी सुरू झाली आणि बघता बघता ५ बाद ७५. म्हणजे पुन्हा तेच चाललं होतं. खेळत होते सरदेसाई. त्यांच्या जोडीला आला एकनाथ सोलकर.

सोलकरबद्दल दोन वाक्यं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. मैदानावरच्याच झोपडीत वाढलेला, सामन्यांच्या वेळी धावफलक हलवणारा. पुढे हाच माणूस फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून, हेल्मेटशिवाय, २७ कसोटींत ५३ झेल घेणार होता.

या दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. सोलकर ६१ वर गेला. सरदेसाई थांबले. मग प्रसन्नाबरोबर नवव्या गड्यासाठी आणखी १२२. सरदेसाई २१२ वर बाद झाले, भारत ३८७. मग फिरकीने वेस्ट इंडीजला २१७ वर गुंडाळलं. आघाडी १७०.

आता तो पाऊस. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते. पण पहिला पूर्ण दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि मग १५० पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. ते वेस्ट इंडीजच्या खोलीत गेले आणि सोबर्सना सांगितलं, तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे. सोबर्सना आधी ते पटेना, असं सांगतात. भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन देण्याची ती पहिलीच वेळ.

कन्सल्टिंगच्या धंद्यात मी बऱ्याच मीटिंगा पाहिल्या आहेत. सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो त्याने करारनामा वाचलेला असतोच असं नाही. वाडेकरांनी वाचला होता! जेमतेम मिनिटभराचं काम, पण कोण कुणाला घाबरतं, ते त्या मिनिटात बदललं.

आणि तरीही तो सामना भारत जिंकला नाही, हेही सांगायला हवं. कन्हाय नाबाद १५८, सोबर्स ९३. सामना अनिर्णित. हॉल आणि ग्रिफिथ तोवर निवृत्त झालेले, त्यामुळे वेस्ट इंडीजची गोलंदाजी पूर्वीसारखी जहाल राहिली नव्हती, असं म्हणणारे आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण १९६२ ज्यांच्या डोक्यात बसलं होतं, त्यांना समोरचा गोलंदाज बदललाय हे दिसायला आधी कुणीतरी तिथे दिवसभर उभं राहावं लागतं. ते काम सरदेसाईंनी केलं. माझ्या मते त्या मालिकेचं कुलूप किंग्स्टनलाच उघडलं.

पुढच्या कसोटीला पोर्ट ऑफ स्पेनला आबिद अलीने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. सरदेसाईंनी ११२ केल्या. बोटाच्या संसर्गामुळे पहिली कसोटी हुकलेल्या २१ वर्षांच्या सुनील गावसकरने पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७ केल्या. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने लॉइड आणि सोबर्स दोघांनाही बाद केलं. भारत ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला विजय, आणि मालिकाही १-० अशीच संपली.

बार्बाडोसला, जिथे काँट्रॅक्टर पडले होते तिथे, भारत ६ बाद ७० होता. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर, यावेळी १८६ ची भागीदारी. सरदेसाई १५०. मालिकेत त्यांच्या ६४२ धावा झाल्या. गावसकरच्या चार कसोटींत ७७४! शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. गावसकरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून आज मी मुद्दाम दुसऱ्याची लांबवली.

त्याच उन्हाळ्यात हा संघ इंग्लंडला गेला. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि भारताला १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी २ बाद ७६. अजून ९७ बाकी, आणि वाडेकर आल्या आल्या ४५ वर धावबाद. तिथे भारत याआधी कधीच जिंकला नव्हता. कर्णधार खोलीत परत आला, पॅड काढले आणि झोपून गेला. सामना जिंकल्यावर त्याला उठवावं लागलं.

माझ्या मुलाला २१२, ६४२, ७७४ यांतलं काहीच विशेष वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "ते खरंच झोपले होते?" म्हटलं, हो. "मग मागे उरलेले खेळाडू चांगले आहेत हे त्यांना माहीत होतं ना?" म्हटलं, त्यातले बरेचसे त्यांनीच मागून घेतले होते. मग तोही कूस बदलून झोपला. सकाळी सातव्या नंबरचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. फक्त गाडीत बसताना एल्बो गार्ड घेतलंस का, ते विचारलं. घेतलं होतं.

भेटू पुढच्या रविवारी.